खाली बसवलेल्या ऑडी टीटीची चाके : तुर्भ्याच्या एका कार्यशाळेचे परीक्षण

माझ्याकडे २०१३ च्या बनावटीची, दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी क्वात्रो, म्हणजे चारही चाकांना शक्ती मिळणारी टीटी, आहे. ती मी वापरलेली घेतली, तेव्हाच आधीच्या मालकाने तिच्यात सुमारे ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातलेल्या होत्या. घर घोडबंदर रस्त्यावर आणि कचेरी महाप्याला असल्यामुळे मेट्रोच्या कामाचे अडथळे, माजिवड्याच्या परिसरातील पेव्हर ब्लॉक, विटाव्याचा रेल्वेपुलाखालचा रस्ता आणि मग ठाणे-बेलापूर रस्त्याचा मोकळा पट्टा असे सगळे या गाडीच्या रोजच्या वाटणीला येते. तुर्भे औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेकडून मी तिच्यासाठी नव्या रिम आणि टायर बसवून घेतले. त्यानंतर गाडी ९,००० किलोमीटर चालली असून त्यात पूर्ण पावसाळा येऊन गेला, म्हणून आता त्या कामाविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव हाती आहे, असे मला वाटते.

आधी कुठून सुरुवात झाली ते सांगितले पाहिजे. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी ठाण्यातील एका दुकानातून १९ इंची, ९.५ इंच रुंदीच्या आणि ३५ ऑफसेटच्या (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येईल) रिम घेतल्या होत्या व त्यांवर २५५/३५ आर १९ मापाचे, म्हणजे २५५ मिलिमीटर रुंद, रुंदीच्या ३५ टक्के उंच भिंतीचे आणि १९ इंची रिमला बसणारे टायर चढवले होते. दुकानात गाडीचे नाव विचारले गेले, पीसीडी ५×११२ आहे (म्हणजे पाच बोल्ट ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत) एवढे पाहिले गेले आणि दोन तासांत काम झाले. रिम दिसायला देखण्या होत्या. परंतु गाडीत मागे कोणी बसले आणि गतिरोधक आला की मागच्या कमानीची कड टायरच्या खांद्यावर घासू लागली, ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागले आणि पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली. कापूरबावडीजवळच्या एका खड्ड्यात एक रिम आतून वाकली, तेव्हा मी हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. ही तक्रार त्या दुकानाविरुद्ध नोंदवण्यासाठी मी इथे सांगत नाही. त्या चारही दोषांची कारणे वेगवेगळी होती आणि तुर्भ्याच्या कार्यशाळेने ती एकेक करून कशी शोधली, हाच या परीक्षणाचा गाभा आहे.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट ही घडली की कोणीही रिमचे नमुने दाखवले नाहीत. कार्यशाळेच्या मालकांनी गाडी सपाट जागेवर घेतली, इंधनाची टाकी किती भरलेली आहे ते विचारले आणि चारही कोपऱ्यांवर रिमच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची मोजून कागदावर लिहिली. डाव्या आणि उजव्या बाजूंत ६ मिलिमीटरचा फरक निघाला. मग चाके काढली आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागाच्या, सपाट पृष्ठभागावर पट्टी आडवी धरून तिथून आत स्ट्रटपर्यंत (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा उभा खांब), बाहेर कमानीच्या कडेपर्यंत आणि वर लायनरपर्यंतची (कमानीचे आतले अस्तर) अंतरे व्हर्निअरने घेतली. ब्रेकच्या कॅलिपरचा आकार जाड कागदावर कापून घेतला, कारण रिमची आतली गोलाई मोठी असली तरी आऱ्यांचा बाक कॅलिपरला टेकू शकतो आणि ही गोष्ट कोणत्याही मापाच्या आकड्यात दिसत नाही. या सगळ्याला दीड तास लागला. मोजणीचे त्यांनी २,००० रुपये सांगितले, जे पुढे बिलातून वजा केले. माझ्या मते या कार्यशाळेच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच दीड तास आहे.

मोजणीच्या वेळी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. गाडी खाली बसवली म्हणजे चाक कमानीत पूर्वीपेक्षा अधिक वर जाते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात चाक कुठवर वर जाईल हे बंप स्टॉपवर, म्हणजे शॉक अब्सॉर्बरच्या दांड्यावरील त्या रबरी ठोकळ्यावर अवलंबून असते. तो मूळ लांबीचा असेल तर चाकाची सर्वांत वरची जागा तीच राहते. फरक एवढाच की खाली बसवलेली गाडी तिथे वरचेवर पोहोचते. पण पुष्कळदा आखूड स्प्रिंगा घालताना प्रवास वाढावा म्हणून हे ठोकळे कापले जातात आणि मग चाक खरोखरच निर्मात्याने गृहीत धरलेल्या जागेच्या पलीकडे जाते. माझ्या गाडीत मागचे दोन्ही ठोकळे कापलेले निघाले. ते बदलल्याशिवाय कोणत्याही रिमचे माप पक्के करणार नाही, असे मालकांनी स्पष्ट सांगितले. त्या दिवशी मी रिम न घेताच परतलो, आणि आठवड्याने नवे बंप स्टॉप घालून झाल्यावर पुन्हा मोजणी झाली. या वेळी स्प्रिंग काढून जॅकने चाक पूर्ण वर ढकलले, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले आणि लायनरला आतून खडू फासला, म्हणजे टायर कुठे टेकतो त्याची खूण टायरवर उमटते.

आता ऑफसेटचे गणित. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा जितका मोठा तितकी रिम आत सरकते. टीटीची मूळ १८ इंची रिम ९ इंच रुंद आणि ५२ ऑफसेटची असते. ९ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, त्याचे अर्धे ११४.३. त्यातून ५२ वजा केले तर रिमची बाहेरची कड हबपासून ६२.३ मिलिमीटर बाहेर येते आणि ५२ मिळवले तर आतली कड १६६.३ मिलिमीटर आत जाते. माझ्या १९ इंची रिमची रुंदी ९.५ इंच, म्हणजे २४१.३ मिलिमीटर, अर्धे १२०.६५, ३५ वजा केल्यावर बाहेरची कड ८५.६५ वर येते. मूळ रिमपेक्षा ती २३ मिलिमीटरहून अधिक बाहेर होती. शिवाय २५५/३५ आर १९ टायरचा व्यास सुमारे ६६१ मिलिमीटर आणि मूळ २४५/४० आर १८ चा सुमारे ६५३, म्हणजे चाक ८ मिलिमीटरने मोठेही झाले होते. कापलेले बंप स्टॉप, २३ मिलिमीटर बाहेर आलेली कड आणि वाढलेला व्यास हे तिन्ही एकत्र आल्यावर कमान घासली नसती तरच नवल. कोणत्याही दुकानात एका कागदाच्या कपट्यावर हे गणित पाच मिनिटांत होते आणि ते न करता रिम विकणे मला आता अक्षम्य वाटते.

या हिशेबानंतर मालकांनी १८ इंची, ८.५ इंच रुंद, ४५ ऑफसेटची रिम सुचवली. तिची बाहेरची कड ६२.९५ मिलिमीटरवर येते, म्हणजे मूळ जागेपासून एक मिलिमीटरही सरकत नाही, आणि आतल्या बाजूला स्ट्रटपासून १३ मिलिमीटर जास्त मोकळीक मिळते. मला चाक कमानीच्या कडेला थोडे अधिक भरून आलेले हवे होते, हे मी मोकळेपणाने सांगतो. खाली बसवलेल्या गाडीचे अर्धे सौंदर्य तिथेच असते. म्हणून मी ९ इंच आणि ४५ ऑफसेटचा पर्याय विचारला. त्यात कड ७ मिलिमीटर बाहेर आली असती. त्यांनी दुसऱ्या मोजणीचा कागद पुढे केला : मागचे चाक पूर्ण वर असताना टायरचा खांदा आणि कमानीची कड यांच्यात मूळ मापाने ९ मिलिमीटर जागा उरत होती. ‘‘सात गेले की दोन उरतात, साहेब. सांध्यांतले रबरी बुश झिजले, मागे दोन माणसे बसली, गाडी वळणात असताना खड्डा आला, तर ते दोन कुठे जातील?’’ एवढेच ते म्हणाले. कमानीची कड आतून वळवून जागा काढता येते, पण त्यात रंगाला तडा जातो आणि खाडीच्या खाऱ्या हवेत तिथून गंज धरतो, म्हणून तो मार्ग मीच नाकारला.

१९ इंच की १८ इंच, या प्रश्नावर मात्र त्यांना फार बोलावे लागले नाही. २४५/४० टायरची बाजूची भिंत ९८ मिलिमीटर उंच असते आणि २५५/३५ ची सुमारे ८९. हे ९ मिलिमीटर दिसताना कमी वाटतात, पण खड्ड्याच्या धारदार काठावर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये दबायला तेवढेच रबर असते. आपल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीसाठी मी यापुढे १९ इंचाचा विचार करणार नाही. ज्यांची गाडी फक्त रविवारी पहाटे पाम बीच रस्त्यावर निघते, त्यांचे गणित वेगळे असू शकते.

पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर घालण्याची हौस पुष्कळांना असते. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या काही स्पोर्ट्स गाड्यांना निर्मातेच तशी मापे देतात. टीटी क्वात्रोत मात्र पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो आणि चारही चाकांचा परीघ सारखा आहे हे गृहीत धरून तो काम करतो. पुढचे-मागचे परीघ वेगळे झाले तर सरळ रस्त्यावरही दोन्ही धुऱ्यांच्या वेगात फरक राहतो आणि त्याचा भार त्या क्लचवर पडतो. याच कारणाने दोन टायर झिजलेले आणि दोन कोरे असा मेळही तिथे घालून देत नाहीत.  हे कारण मला पटले.

टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, माप २४५/४० आर १८, ९७ वाय, असे घेतले. ९७ हा भारांक एका टायरला ७३० किलोची क्षमता दाखवतो आणि वाय हे अक्षर ताशी ३०० किलोमीटरची मर्यादा. त्या वेगाशी मला काही कर्तव्य नाही, पण मूळ टायरपेक्षा भारांक खाली येऊ नये याकडे लक्ष दिले पाहिजे. या मापाच्या टायरसाठी ८ ते ९.५ इंच रुंदीची रिम चालते आणि ८.५ इंच ही तर त्याची प्रमाण रुंदी आहे, त्यामुळे टायरची भिंत ताणली जात नाही आणि फुटपाथच्या कडेला आधी रबर लागते, रिम नंतर. चारही टायरांच्या भिंतीवरील उत्पादनाचा चार अंकी आकडा, ज्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, मला न विचारता दाखवला गेला आणि चारही एकाच महिन्यातले होते.

थरथरीचे कारण हबच्या छिद्रात निघाले, आणि हा भाग इतर ऑडीमालकांनी अवश्य लक्षात घ्यावा. या पिढीच्या टीटीचा सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधल्या छिद्राचा व्यास, ५७.१ मिलिमीटर आहे, तर २००८ पासूनच्या ए-४ चा ६६.५. दोन्हींची पीसीडी सारखीच ५×११२ असल्यामुळे एकीची रिम दुसरीवर बोल्टने बसते आणि बसली म्हणजे जुळली असे समजले जाते. माझ्या १९ इंची रिमचे छिद्र मोठे होते आणि मधली पोकळी भरून काढणारी हब रिंग घातलीच नव्हती, त्यामुळे चाक हबवर नेमके मध्यभागी बसत नव्हते. यंत्रावर कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी ही थरथर जात नाही, कारण यंत्रावर चाक आपल्या मध्याभोवती फिरते आणि गाडीवर दुसऱ्याच मध्याभोवती. नव्या रिमचे छिद्र ७३.१ आहे, त्यात ७३.१ ते ५७.१ मापाच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा घातल्या. प्लॅस्टिकच्या स्वस्त असतात, पण ब्रेकच्या उष्णतेजवळ त्यांच्यावर माझा भरवसा नाही. ॲल्युमिनियमची रिंग खाऱ्या दमट हवेत हबला धरून बसते, म्हणून तिथे अगदी पातळ ग्रीस लावले.

बोल्टचा दोष त्याहून गंभीर होता. ऑडीच्या मूळ रिमला गोलसर बैठकीचा बोल्ट लागतो आणि बाजारातील बहुतेक रिमना ६० अंशांच्या शंकूचा. माझ्या जुन्या रिमना शंकूची बैठक असताना मूळ गोलसर बोल्टच घातलेले होते. त्यामुळे बोल्ट पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक वर्तुळावर टेकत होता. असा बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होऊ शकतो. कार्यशाळेतील ज्येष्ठ कारागिरांनी, ज्यांना तिथे सगळे काका म्हणतात, जुन्या रिमच्या भोकांत पडलेला चकचकीत अरुंद पट्टा मला विजेरी धरून दाखवला. नवे बोल्ट एम १४×१.५ चे, शंकूच्या बैठकीचे घेतले, ते हाताने फिरवून किती आटे आत जातात हे मूळ बोल्टशी ताडून पाहिले आणि शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटरवर कसले. हवेच्या गनचा वापर शेवटच्या कसणीत केला नाही. १०० किलोमीटरनंतर पुन्हा येऊन तपासून घ्या असे सांगितले होते. गेल्यावर पैसे न घेता तपासले.

रिम फ्लो फॉर्मिंग पद्धतीच्या आहेत : मधला भाग ओतीव आणि कडेची पट्टी गरम अवस्थेत रोलरखाली दाबून लांबवलेली, त्यामुळे कडेला धातू अधिक मजबूत राहतो आणि वजन कमी होते. मी काट्यावर तोलले तेव्हा जुने चाक टायरसह २६ किलो भरले आणि नवे साडेएकवीस. चार चाकांमागे १८ किलोंची ही बचत स्प्रिंगांच्या खालच्या वजनातली असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती बसल्या जागी जाणवते. रिमच्या मागे कमाल भार आणि रिमच्या मजबुतीच्या जपानी जेडब्ल्यूएल मानकाची खूण कोरलेली आहे. खुणेची नक्कल होऊ शकते, म्हणून मी खरेदीचे बिल आणि रिमचा अनुक्रमांकही जपून ठेवला आहे.

शेवटचे काम अलाइनमेंटचे, आणि टायरची आतली कड का गेली त्याचे उत्तर इथे मिळाले. खाली बसवलेल्या गाडीचा कॅम्बर उणे होतो, म्हणजे चाके वरच्या बाजूने आत झुकतात, आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. माझ्या गाडीचा पुढचा कॅम्बर उणे १ अंश १० मिनिटे होता, जो काही फार नव्हे. पण गाडी खाली आल्यावर टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोके आत वळली आहेत की बाहेर फाकली आहेत तो कोन, बदललेला कोणी तपासलाच नव्हता : पुढची चाके मिळून २२ मिनिटे (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) बाहेर फाकलेली होती. झुकलेले चाक फाकलेल्या अवस्थेत प्रत्येक किलोमीटरला रस्त्यावर तिरके घासत जाते आणि आतली कड त्यात खरवडली जाते. टो आता आतल्या बाजूला १० मिनिटांवर आणला आहे. मागे या गाडीत कॅम्बर आणि टो दोन्ही विकेंद्री, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेल्या, बोल्टांनी बदलता येतात. तिथला कॅम्बर उणे २ अंश १० मिनिटांवरून उणे १ अंश ३५ मिनिटांवर आणला. गंजलेला एक बोल्ट सोडवायला काकांना पाऊण तास लागला, तो त्यांनी न चिडता घालवला. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागावा लागला नाही.

गाडी आता कशी चालते? ताशी ९० ला स्टिअरिंग शांत असते. आमच्या सोसायटीच्या पोडियमवर चढणाऱ्या उतारावर, जिथे पूर्वी हमखास आवाज यायचा, तिथे चार माणसे बसूनही काही घासत नाही. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाण्याच्या पातळ थरावरून जाताना टायर दिशा सोडत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबते. स्टिअरिंगची पहिली प्रतिक्रिया १९ इंचांपेक्षा किंचित मऊ झाली आहे, हेही नोंदवायला हवे. वळणात शिरताना पूर्वी जी तडफ होती ती थोडी कमी झाली. वळणाच्या मध्यात मात्र गाडी अधिक स्थिर आहे, कारण खाचखळगे आले तरी चाक जमिनीला धरून राहते. मला हा व्यवहार मान्य आहे.

कार्यशाळेच्या उणिवाही आहेत. रिमचे नमुने फार थोडे आहेत आणि मला हवा असलेला गडद राखाडी रंग मिळायला पाच आठवडे लागले. त्या काळात दोनदा दिलेली तारीख पाळली गेली नाही आणि फोन मलाच करावा लागला. बसायला धड जागा नाही, शेडच्या दाराशी दोन खुर्च्या आहेत. शनिवारी गर्दीत मोजणी करत नाहीत, म्हणून मला दोन वेळा रजा काढावी लागली. अंदाजपत्रक तोंडी सांगण्याची पद्धत तर बदललीच पाहिजे : बंप स्टॉप आणि बोल्ट धरून अंतिम बिल सुरुवातीला सांगितलेल्या रकमेपेक्षा ११,००० रुपयांनी वाढले. प्रत्येक रुपयाचा हिशेब नंतर दिला, पण तो आधी लेखी मिळायला हवा होता.

कायद्याची बाजू त्यांनी स्वतःहून काढली नाही, मी विचारली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. टायरचे माप मूळचेच ठेवण्यामागे माझे हेही एक कारण होते. रिम बदलल्याचे मी विमा कंपनीला लेखी कळवले आहे, आणि स्प्रिंगांविषयीही त्याच पत्रात लिहिले आहे.

गेल्या आठवड्यात ९,००० किलोमीटर झाल्यावर चारही टायरांच्या खाचा मोजून घेतल्या. पुढच्या डाव्या टायरवर बाहेरच्या खाचेत ५.९ मिलिमीटर आणि आतल्या खाचेत ५.६ उरले आहेत. मागे दोन्हीकडे सहाच्या वर. जुन्या टायरांची आतली कड याहून बऱ्याच कमी अंतरात संपली होती. डाव्या-उजव्या उंचीतला तो ६ मिलिमीटरचा फरक मात्र अजून तसाच आहे. मागची डावी स्प्रिंग बसली असावी, असा काकांचा कयास आहे, आणि ती तपासायला मी पुढच्या महिन्यात मंगळवारी, गर्दी नसताना, त्यांच्याकडेच गाडी नेणार आहे.